मैदान आहे, पण किल्ली कोणाकडे असते?

शाळा उघडण्याच्या आगेमागे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी प्रवेशाची चिंता अधिक असते. यंदा मात्र मैदान, प्रयोगशाळा, ग्रंथालय, विद्यार्थ्यांची मंडळे आणि खेळांचे संघ यांविषयी विचारणारी पत्रे बरीच आली. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या शाळांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील खेड्यातून दोन वर्षांपूर्वी जळगावच्या पिंप्राळा भागात राहायला आलो. मुलगा यंदा आठवीत जाईल. घरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर एक अनुदानित माध्यमिक विद्यालय आहे. इमारत जुनी आहे, मैदान मोठे आहे आणि फी नाममात्र आहे. महामार्गापलीकडे एक नवी खासगी शाळा निघाली आहे. तिच्या माहितीपत्रकात कृत्रिम हिरवळीचे मैदान, स्केटिंग, रोबोटिक्स आणि सतरा क्लब छापलेले आहेत. मुलाच्या आईचे मत एक आहे, माझे दुसरे. सोयीसुविधा पारखाव्यात तरी कशा? — एक पालक, पिंप्राळा

उत्तर : भाऊ, माहितीपत्रक घरी ठेवा आणि दोन्ही शाळांत कामाच्या दिवशी, शक्यतो मधल्या सुट्टीच्या थोडे आधी जा. प्रवेशासाठी पालकांना बोलावतात त्या दिवशी प्रत्येक शाळा लग्नघरासारखी सजलेली असते, त्या पाहण्याला अर्थ नाही.

आधी कायद्याचे पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते आठवीच्या शाळांसाठी किमान सुविधांची यादी अनुसूचीत दिलेली आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलांची व मुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित व पुरेसे पाणी, अपंग मुलांना विनाअडथळा आत येता येईल अशी वाट, कुंपण, क्रीडांगण, खेळाचे साहित्य, आणि वर्तमानपत्रे, नियतकालिके व पुस्तके असलेले ग्रंथालय हे सारे त्या यादीत आहे. तुमचा मुलगा आठवीत जाणार असल्याने ही यादी तुम्हाला थेट लागू होते. शिवाय प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, असतो आणि त्यावरून शाळेने दरवर्षी भरलेली सुविधांची माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मुख्याध्यापकांकडे हा क्रमांक मागण्यात संकोच करू नका.

पण या माहितीत ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. असलेल्या वस्तूचे होते काय, ते कळत नाही. मी ज्या एका शाळेत नव्याने मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो, तेथे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चार सूक्ष्मदर्शक यंत्रांची नोंद होती. कपाट उघडवले, तेव्हा चारही यंत्रे मूळ खोक्यात, थर्माकोलच्या साच्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट मिळाली. खोक्यावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. ‘मुलांनी फोडले तर वसुली आमच्याकडून होईल’ हे त्याचे कारण मला सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते, कारण रजिस्टरमधील वस्तू कमी झाली तर प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात, वापरलीच गेली नाही तर विचारणारा कोणी नसतो. म्हणून तुम्ही शाळेत जाल, तेव्हा क्रीडासाहित्याच्या खोलीजवळ उभे राहून शिपाईदादांना सहज विचारा, की या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि ती रोज किती वाजता उघडते. उत्तर देण्यापूर्वी ते जर हसले, तर पुढचे विचारण्याची गरज नाही.

स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि नळाला पाणी आहे का, हे स्वतः पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी मुलाच्या आईने करावी. मुलगा असला तरी करावी, कारण त्या एका जागेवरून शाळेची शिस्त कळते.

आता मैदान. आपल्या खान्देशात बहुतेक जमीन काळी, कपाशीची. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते. अशा जमिनीवर नुसते मोठे मैदान असून भागत नाही. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला आहे का, पाणी एका बाजूला वाहून जाईल असा उतार आहे का, हे पाहावे लागते. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी तेथे तळे दिसत असेल, तर जुलै ते सप्टेंबर हा सामन्यांचा ऐन हंगाम त्या शाळेचा चिखलात जातो. दुसरीकडे, कृत्रिम हिरवळ दिसायला सुरेख असली तरी उन्हात ती मातीच्या मैदानापेक्षा कितीतरी अधिक तापते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी तिच्यावर कोणी खेळू शकत नाही. त्या शाळेचे मैदान सकाळी व सायंकाळी मुलांना मोकळे असते, की तासाच्या भाड्याने बाहेरच्यांना दिले जाते, हेही विचारून घ्या. मैदानाच्या कडेला चार मोठी कडुनिंबाची झाडे असतील, तर ती मी सुविधेतच धरतो.

सतरा क्लबांविषयी एकच प्रश्न पुरे. त्यांपैकी कोणते तीन क्लब गेल्या महिन्यात भरले होते आणि त्यांची उपस्थिती कोठे लिहिलेली आहे, ते विचारा. रोबोटिक्सचे म्हणाल तर ते केवळ महागड्या शाळांचे राहिलेले नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सरकारी, अनुदानित आणि खासगी अशा सर्व प्रकारच्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः हाताने वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळा, दिल्या. त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान ठरलेले होते, १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पाच वर्षे चालवण्यासाठी. तुमच्या जवळच्या शाळेत असा फलक दिसला तर आत जाऊन थ्रीडी प्रिंटरवर धूळ आहे की अर्धवट छापलेली वस्तू आहे, तेवढे पाहून घ्या.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चषक आणि ढाली मांडलेल्या असतातच. त्यांवरील साल वाचा. सगळ्या ढाली एकाच दशकातील असतील, तर त्या काळी एखादा जीव ओतणारा क्रीडाशिक्षक तेथे होता आणि तो निवृत्त झाला, एवढाच त्याचा अर्थ होतो. जिंकलेल्या ढालींपेक्षा आंतरवर्गीय सामन्यांत किती मुले उतरतात, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण शाळेच्या संघात बारा जण जातात आणि बाकीचे हजार टाळ्या वाजवतात.

माझे मत विचाराल तर, जवळच्या शाळेतील किल्ल्या फिरत असतील तर मी तीच घेईन. त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे, जे माहितीपत्रकात कधीच नसते. संघाचा सराव शाळा सुटल्यावर होतो आणि शाळेची बस शाळा सुटताच निघते. बसने येणारे मूल संघात राहत नाही. पायी घरी येणारा मुलगा साडेसहापर्यंत मैदानावर थांबू शकतो, आणि महामार्ग ओलांडण्याची धास्तीही तुमच्या मागे राहत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली आहे. सराव सायंकाळी साडेपाच ते सात असतो. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून सासूबाईंचा आणि नणंदेचा विरोध आहे. ‘उन्हात काळी पडेल, हातपाय मोडून घेईल’ असे रोज ऐकावे लागते. सामन्यांसाठी बाहेरगावी पाठवण्याची मलाही थोडी भीती वाटते. शाळा सरकारमान्य, साधी आहे. मार्गदर्शक सर चांगले आहेत. काय करावे? — एक आई, देवपूर, धुळे

उत्तर : ताई, विरोध करणाऱ्यांचे सगळेच म्हणणे सारखे नाही, म्हणून ते वेगळे वेगळे करून घ्या. काळी पडण्याच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही, त्याला उत्तर देण्याने उगाच मान मिळतो. अभ्यास, सुरक्षितता आणि इजा हे तीन मुद्दे खरे आहेत.

अभ्यासाचे पाहू. खो-खोत संघ बारा जणींचा असतो, त्यांतील नऊ खेळतात. आक्रमण करताना आठ जणी चौकोनांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. बचाव करणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात येतात. नऊ मिनिटांच्या पाळीत श्वास, नजर आणि निर्णय यांची जी परीक्षा होते, ती पाहिली की हा खेळ ‘नुसते पळणे’ नाही हे सासूबाईंच्याही लक्षात येईल. म्हणून एकदा त्यांना सामना पाहायलाच न्या. समोरची खेळाडू झुकांडी देते आणि आपली नात खांबाला वळसा घालून तिला गाठते, तेव्हा आजीच्या तोंडून जे निघते, ते मी धुळ्याच्याच एका मैदानावर कानांनी ऐकले आहे आणि ते अस्सल अहिराणीत होते.

दीड तासाच्या सरावाने अभ्यास बुडत नाही. बुडतो तो सरावानंतर थकून मोबाईल घेऊन पडण्याने. सातला घरी आल्यावर आंघोळ, जेवण आणि साडेआठ ते दहा अभ्यास, असे वेळापत्रक तिला स्वतःला लिहू द्या. दहावीच्या वर्षी जून ते ऑक्टोबर खेळावे आणि दिवाळीनंतर सराव आठवड्यातून दोनदा, केवळ अंग मोकळे राहण्यापुरता ठेवावा. शालेय सामने बहुतांशी तोवर उरकलेले असतात. विशिष्ट पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि प्रमाणपत्राची पडताळणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होते. प्रमाणपत्रावरील नाव, आडनाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळते का, हे मिळाल्या दिवशीच तपासा. एका वेलांटीपायी फेऱ्या मारणारे पालक मी पाहिले आहेत. मात्र गुणांसाठी खेळू नये. गुणच हवे असतील तर चित्रकलेच्या शासकीय इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी आणून ७ गुण मिळवणे त्याहून पुष्कळ सोपे आहे.

सुरक्षिततेसाठी शाळेकडे स्पष्ट मागण्या करा. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना शिक्षिका सोबत असलीच पाहिजे. जाण्यायेण्याचे वाहन, मुक्कामाचे ठिकाण आणि परतीची वेळ पालकांना लेखी मिळाली पाहिजे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. गट इयत्तेवरून नव्हे, तर जन्मतारखेवरून ठरतो. संघ जिंकत गेला तर शहर किंवा तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग आणि नंतर राज्य अशा पायऱ्या असतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर मुली बहुधा सायंकाळपर्यंत घरी येतात, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न विभागापासून पुढे येतो. तेथवर जाण्याइतकी ती खेळली, तर तुमची भीती तोपर्यंत बरीच कमी झालेली असेल.

इजेचे सांगायचे तर गुडघे फुटतील, ते धरून चालावे. मैदानावर खडे वेचलेले असावेत, खांब गुळगुळीत असावेत आणि प्रथमोपचाराची पेटी मैदानावर असावी, कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात नव्हे. पाळीच्या दिवसांत सराव करायचा की नाही, हे तिने ठरवावे आणि सरांना कारण न सांगता सुट्टी घेता यावी, एवढी व्यवस्था शाळेतील एखाद्या शिक्षिकेमार्फत करून घ्या. मार्चनंतर सराव सकाळी सहाला ठेवण्याची विनंती करा. आपल्याकडचे पाच वाजताचे ऊन हेसुद्धा ऊनच असते. सोबत पाण्याची मोठी बाटली आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी द्यावे.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राची मुलगी होती. नणंदबाईंना हे अवश्य सांगा.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना अशी नावे आणि पदाधिकाऱ्यांची यादी रंगवलेली आहे, पण ती यादी माझी मोठी बहीण शाळेत होती तेव्हाची आहे. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटे आहेत आणि त्यांना कुलूप असते. आम्ही पाच-सहा मैत्रिणींना काहीतरी सुरू करायचे आहे. शिक्षक नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत. — एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून मला माझेच काही सहकारी आठवले आणि थोडा मीही आठवलो. शिक्षक ‘हो’ म्हणत नाहीत, त्याचे कारण बहुतेक वेळा आळस नसतो. ‘हो’ म्हटले की नोंदवही, अहवाल, जबाबदारी आणि मुले शाळा सुटल्यावर थांबली तर त्यांची काळजी हे सगळे त्यांच्या अंगावर येते. म्हणून तुम्ही मागताना इतके थोडे मागा, की नाही म्हणणे अवघड व्हावे.

पैसे, खोली, उद्घाटन, पाहुणे यांतले काही मागू नका. एक फळा किंवा व्हरांड्यातील सहा फूट भिंत मागा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास मागा. त्या भिंतीवर दर पंधरवड्याला हस्तलिखित भित्तिपत्रक लावा. तुमच्याच जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत असत. रोज, मुली, दैनिक! त्यासाठी त्यांना छापखाना लागला नाही, तर तुम्हाला पंधरा दिवसांनी एकदा काढायला काही अडचण पडू नये.

त्यात काय लिहायचे, असे विचारशील. स्पर्धेत बक्षीस मिळालेले निबंध मुळीच चिकटवू नका, ते कोणी वाचत नाही. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात घरोघरी लेवागणबोली बोलली जाते, आणि जवळच्याच असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) आपल्या ओव्या त्याच बोलीच्या आधाराने रचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून आज त्या आपल्यापर्यंत आल्या. तुम्हीही उतरवून घेण्याचेच काम करा. प्रत्येकीने आपल्या आजीकडून शेतीचा, स्वयंपाकाचा किंवा दागिन्यांचा असा एक शब्द आणायचा, जो आईला कळतो पण तुम्हाला कळत नाही, आणि तो कसा वापरतात ते आजीच्याच वाक्यात लिहायचे. वर्षभरात शे-दीडशे शब्द होतील. तो तुमचा स्वतःचा संग्रह असेल आणि त्यासाठी कपाटाची किल्ली लागणार नाही.

विज्ञान मंडळासाठी मोठा प्रयोग शोधू नका. एक साधा तापमापक सावलीत, एक शाळेच्या पत्र्याखाली आणि एक झाडाखाली टांगा आणि रोज दुपारी एकाच वेळी तिघांची नोंद करा. भुसावळचा उन्हाळा राज्यभर प्रसिद्ध आहे, पण तुमच्या वर्गातील उन्हाळा कोणी मोजलेला नाही. फेब्रुवारी ते एप्रिलचा आलेख काढून मुख्याध्यापकांसमोर ठेवला, तर पत्र्याला पांढरा चुना लावण्याचा विषय कदाचित त्याच बैठकीत निघेल. अशी स्वतःची कल्पना असेल तर केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेसाठी शाळेमार्फत नाव पाठवता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये जमा होतात. शाळेने वेळेत ऑनलाइन नोंद करायला हवी, एवढी आठवण विज्ञानाच्या शिक्षकांना करत राहा.

आता कपाटांचे. वर्गशिक्षकांच्या नावावर पन्नास पुस्तके एका पेटीत काढून ती वर्गात ठेवू देण्याची विनंती करा. देवघेवीची वही तुम्ही दोघींनी सांभाळा. एखादे पुस्तक हरवले तर काय, हे शिक्षक विचारतीलच. हरवलेल्या पुस्तकाच्या बदली दुसरे पुस्तक आणून देऊ, असे पालकांच्या सहीचे पत्र आधीच सोबत न्या. मी मुख्याध्यापक असताना अशा पत्रावर दोन वर्षे पेट्या चालवल्या आणि पहिल्या वर्षी अकरा पुस्तके हरवली. त्यांतली सात मुलांच्या घरी सापडली, कारण ती धाकटी भावंडे वाचत होती.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो आहे. मैदान ३६ मीटर लांब व ३० मीटर रुंद आहे, माती काळी आहे. खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल हे तिन्ही खेळ बसवता येतील का? — एक शिक्षक, शहादा तालुका

उत्तर : बसतील, पण तिन्ही एकाच वेळी नाहीत. खो-खोचे मैदान २७ × १६ मीटर लागते. ते लांबीच्या दिशेने एका कडेला, परंतु भिंतीपासून पुरेसे अंतर राखून आखा. व्हॉलीबॉलचे मैदान १८ × ९ मीटर आणि भोवती तीन मीटर मोकळी जागा धरली तर २४ × १५ मीटर होते, म्हणजे ते खो-खोच्याच जागेत मावते. त्यासाठी व्हॉलीबॉलचे आणि खो-खोचे खांब कायमचे गाडू नका. जमिनीत लोखंडी पाइपचे तुकडे काँक्रीटमध्ये बसवून खांब त्यांत उतरवा आणि खेळ नसेल तेव्हा तोंडाला झाकण लावा, अन्यथा पाय मुरगळतील. उरलेल्या पट्ट्यात मुलींसाठी १२ × ८ मीटरचे आणि किशोर गटासाठी ११ × ८ मीटरचे अशी कबड्डीची दोन मैदाने शेजारी-शेजारी येतात. पुरुष व कुमार गटाचे १३ × १० मीटरचे मैदान तेथे ओढूनताणून बसवू नये. मोठ्या मुलांचा सराव जिल्ह्याच्या सामन्यांआधी खो-खोच्या जागेत आखून घ्यावा.

मातीवर मात्र खर्च करावाच लागेल. काळ्या मातीवर वरवर मुरूम पसरला तर पहिल्याच पावसात तो खाली जातो आणि चिखल वर येतो. निदान दीड फूट काळी माती काढून मुरूम थरांथरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा आणि एका कडेला चर काढून उतार त्या बाजूला ठेवा. सगळे मैदान एका वर्षी होणार नाही, कबड्डीच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी. कबड्डीसाठी वरचा थर चाळलेल्या मऊ मातीचा हवा. आखणी फक्कीने, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या पुडीने, करा. चुनकळी (न विझवलेला चुना) वापरू नका, डोळ्यांत गेली तर घात होतो.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना क्रीडासाहित्यासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत ती जाते. नगरपालिकेची शाळा असल्याने तुम्ही मुख्याध्यापकांकडे या वर्षीची रक्कम आली का, हे विचारू शकता. ती आली तर कॅरम आणि बुद्धिबळाचे संच शेवटी घ्या. ते सगळ्यांना आवडतात, कारण ते सांभाळायला सोपे असतात.

प्रश्न : आमच्या शाळेचे मैदान लगीनसराईत मंडपासाठी देतात. नंतर खिळे, काचा, पत्रावळी तेथेच पडून राहतात. मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या टाचेत खिळा गेला. तक्रार कोणाकडे करावी? — एक पालक, चाळीसगाव

उत्तर : आठवीपर्यंतचे वर्ग असतील तर शाळा व्यवस्थापन समितीकडे करा, कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. वरच्या वर्गांसाठी पालक-शिक्षक संघ आहे. तक्रार तोंडी नको. दोन ओळींचा अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. ‘मैदान देऊ नका’ असे लिहिल्यास संस्था भाड्याच्या उत्पन्नाचे कारण पुढे करील. त्याऐवजी अनामत रक्कम घेतल्याशिवाय मैदान द्यायचे नाही आणि मैदान झाडून, लोहचुंबक फिरवून खिळे वेचून दिल्याशिवाय ती परत करायची नाही, असा ठराव मागा. हातगाडीला खाली बांधायचे मोठे लोहचुंबक भंगारवाल्याकडे मिळते. एका शाळेत आम्ही ते फिरवले, तेव्हा खिळ्यांबरोबर सेफ्टी पिना, सायकलच्या नळीचे व्हॉल्व्ह आणि एक जुनी किल्लीही चिकटून आली. ती कोणत्या कपाटाची होती, ते शेवटपर्यंत कळले नाही.